उलट्या धारेचा चाकू

१

चाकू जमवणाऱ्या माणसाला समाजात फारसा मान नसतो. नाणी जमवा, तिकिटं जमवा, लोक कौतुक करतील. चाकू म्हटलं की शेजारचा माणूस खुर्ची जरा मागं सरकवतो. अमरावतीला गोवर्धनभाऊंच्या गच्चीवरच्या खोलीत रविवारी सकाळी जमणाऱ्या तिघांना याची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा माजही होता.

गोवर्धनभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे बत्तीस घडीचे चाकू होते आणि प्रत्येकाची एक गोष्ट होती, त्यातल्या निम्म्या थापा. अकोल्याहून गाडीनं येणारा संघपाल एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होता. खिशात पेनाऐवजी मापणी घेऊन फिरायचा आणि तिघांच्या प्रत्येक चाकूचं माप एका वहीत लिहून ठेवायचा. तिसरी सत्यभामा. चांदूर बाजारकडची, संत्र्याच्या रोपांची नर्सरी असलेली, वय सत्तावन्न. बिस्किटाच्या डब्यात तिनं एकोणीस चाकू जमवले होते, पण विसावा रोज हातात असायचा. त्यामुळे ती या दोघांना मनातून हौशी समजायची आणि तोंडावर तसं म्हणायची.

टेबलावर निळी चादर अंथरलेली असे. नियम दोनच. चाकू हातातून हातात द्यायचा नाही. मिटून चादरीवर ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. आणि दुसऱ्याच्या चाकूला न विचारता धार लावायची नाही. धार म्हणजे माणसाचं अक्षर असतं, असं गोवर्धनभाऊंचं म्हणणं, आणि ही काही थाप नव्हती.

त्या रविवारी जानेवारीचं कोवळं ऊन खोलीत आलं होतं आणि संघपाल आपली फजिती सांगत होता.

"मूर्तिजापूरले पोरगी पाहाले गेलो होतो. पोरीच्या बापानं विचारलं, छंद काय? मी म्हटलं, चाकू जमवतो. चहाच थंड झाला ना तथी!"

"अबे, गाणे आयकतो म्हणाचं," गोवर्धनभाऊ म्हणाले.

"खोटं काहून सांगू?"

"बरं केलं बाबू," सत्यभामा म्हणाली. "उद्या उशीखाली सापडले असते तं तिनं रातोरात माहेर गाठलं असतं."

"माही बायकोच पाहा," गोवर्धनभाऊंनी उसासा टाकला. "म्हणते, घरात बत्तीस चाकू अन् कांदा कापाले एकबी कामाचा नाही."

तिघं हसली. सत्यभामा हसली तरी तिचा डावा हात पदराखालीच होता. दिवाळीपासून अंगठा थरथरायला लागला होता. सुरुवातीला कधीतरी, आता रोज. डॉक्टरांनी मनगटातली नस दबल्याचं सांगून बारीक काम बंद करायला सांगितलं होतं. बारीक काम म्हणजे तिचं सगळं आयुष्य. संत्र्याच्या फांदीवरची झोपलेली कळी सालीसकट अलगद कापायची, जंबेरीच्या, म्हणजे खुंटासाठी वाढवलेल्या रानलिंबाच्या, रोपाची साल उकलून आत सरकवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. याला डोळा भरणं म्हणतात. एका दिवसात सातशे डोळे भरणारी बाई म्हणून पंचक्रोशीत तिचं नाव होतं. आता मुलगा योगेश म्हणत होता, आई, यंदा बाहेरची माणसं लावू. आपल्याच नर्सरीत मजुरांना चहा देत बसायचं, या कल्पनेनंच तिचं डोकं तापायचं.

साडेबाराला सगळ्यांनी आपापले चाकू उचलले. चादरीवर एक उरला.

२

"संघपाल, तुहा राह्यला."

"माहा नाही. भाऊंचा असन."

"माहे बत्तीस डब्यात गेले." गोवर्धनभाऊंनी डबा पुन्हा उघडून दाखवला. "ताई, तुमचा?"

सत्यभामेनं कमरेची पिशवी चाचपली. तिचा चाकू आत होता.

शिंगाच्या मुठीचा, पितळी टोप्यांचा, झाडांना कलम करायचा साधा चाकू होता तो. मूठ झिजून गुळगुळीत झालेली. संघपालनं पातं उघडलं आणि शीळ घातली. धार लावून लावून पातं गवताच्या पात्याइतकं उरलं होतं.

"चाळीस वर्सं तरी वापरला असन कोणीतरी," तो म्हणाला. सवयीनं त्यानं मापणी लावली. "रुंदी पाच मिलिमीटर." वहीत लिहिलं. मालकाचा रकाना कोरा ठेवला.

गोवर्धनभाऊंनी चाकू धरून पाहिला. मुठीला अंगठ्याचा खोलगट खळगा पडला होता, पण त्यांचा अंगठा त्यात बसेना. संघपालचाही नाही. खळगा मुठीच्या भलत्याच बाजूला होता.

"ताई, तुम्ही पाहा बरं."

चाकू चादरीवर आला. सत्यभामेनं क्षणभर विचार केला, मग पदराखालचा हात बाहेर काढला. ती डावखुरी होती. चाकू उचलताच अंगठा खळग्यात गेला आणि थरथर थांबली.

दिवाळीपासून पहिल्यांदा तिचा हात शांत होता. त्या सुखानं तिला रडूच यायचं बाकी होतं, म्हणून ती रागावली.

"धार पाहा," संघपाल हळूच म्हणाला. कलमाच्या चाकूला एकाच बाजूनं धार असते. उजव्या हातानं काम करणाऱ्याची एका अंगाला, डावखुऱ्याची दुसऱ्या. ही दुसऱ्या अंगाला होती. "काकू, हे तं तुमचं अक्षर हाये."

तिनं आपला चाकू काढून शेजारी ठेवला. तोही शिंगाच्या मुठीचा, चांदूर बाजारच्या लोहाराकडून अकरा वर्षांपूर्वी करून घेतलेला. त्याच्या मुठीवर तुरीच्या दाण्याएवढा जळका डाग होता. चुलीजवळ पडला होता तेव्हाचा. दुसऱ्या मुठीवर त्याच जागी तसाच डाग होता. फक्त कित्येक वर्षं अंगठ्यानं पुसून तो फिकट झालेला.

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"ताई, हा अथीच राहू द्या," गोवर्धनभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात आज एकही गोष्ट नव्हती.

"काहून? माहा अंगठा हाये त्याच्यावर," सत्यभामा म्हणाली आणि दोन्ही चाकू पिशवीत टाकले.

३

घरी आल्यावर तिनं जी चूक केली ती चाकूच्या नादी लागलेला माणूसच करील. दुसरा कोणी असता तर त्यानं तो चाकू फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला असता. तिला मात्र त्याची बोथट धार बघवेना. हात शांत होता, दगड समोर होता. तिनं दगडावर पाणी सोडलं आणि धार लावली. न विचारता. विचारायचं तरी कोणाला, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हिरव्या जाळीच्या शेडमध्ये गेली. बारा वाफे, प्रत्येकात पाचशे जंबेरीची रोपं. पहिल्या वाफ्याच्या टोकाला चाळीस रोपांना डोळे भरलेले होते.

ती खाली बसली. पट्टी डावीकडून फिरवलेली, शेवट खाली खोचलेला. असं बांधणारं माणूस तालुक्यात एकच होतं, आणि ते माणूस सकाळपासून घरात तुरी निवडत बसलं होतं.

"आई, तू तं म्हणत होती हात चालत नाही," मागून योगेश खुशीत म्हणाला. "एक नंबर काम केलं ना!"

ती पुढच्या रोपाची पट्टी बघू लागली. मुलाच्या तोंडावर असा आनंद तिनं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

आपण करून विसरलो असू का? वय झालं की होतं असं. हे तिनं मनाशी नीट तपासून पाहिलं, कारण ती घाबरट नव्हती आणि भोळीही नव्हती. तिनं जुना चाकू लोखंडी कपाटात ठेवला, किल्ली कमरेला लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुनेसमोर स्वयंपाकघरात बसून राहिली. पाणी प्यायलाही एकटी उठली नाही. दुपारी योगेश शेडमधून आला आणि म्हणाला, "आई, पहिला वाफा झाला का पुरा? कधी केला?"

तिनं कपाट उघडलं. पातं ओलं होतं. जंबेरीच्या सालीचा आंबूस, हिरवा वास कपाटभर पसरला होता. आपला चाकू उघडायला तिनं नख खाचेत घातलं, तर अंगठा वळेचना. शेवटी उजव्या हातानं उघडावा लागला. थरथर आता शेजारच्या दोन बोटांत उतरली होती.

४

महिन्यातला एक रविवार अकोल्याचा असे, पुढचा तोच होता. संघपालच्या भाड्याच्या खोलीत, खाटेवर तीच निळी चादर. सत्यभामेनं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. कोणी हसलं नाही. ज्यांच्यासमोर असलं बोलता येतं अशी ही दोनच माणसं तिला होती, हेही तिला तेव्हाच कळलं.

"पूर्णेत टाका," गोवर्धनभाऊ म्हणाले. "अस्साच. मांगं पाहू नका."

संघपाल वेगळाच विचार करत होता. "काकू, राग नका मानू. पण काम होऊन राहिलं न? तुमच्याच हातचं होऊन राहिलं. होऊ द्या की."

हाच विचार आठवडाभर तिच्या मनात होता. बसल्या जागी नर्सरी उभी राहत होती. गावात नाव राहत होतं. योगेश खूष होता. नुसतं गप्प बसायचं होतं. दुसऱ्याच्या तोंडून तो विचार ऐकल्यावर मात्र तिला त्याची किळस आली.

"माह्या हातचं कसं?" तिनं डावा हात चादरीवर ठेवला. तो पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा हलत होता. "माहा हात तं हा हाये."

काहीतरी करायचं म्हणून संघपालनं मापणी काढली, जुन्या चाकूला लावली आणि तशीच धरून बसला.

"काय झालं गा?" गोवर्धनभाऊंनी विचारलं.

"सात."

"अन् मागच्या वेळी?"

"पाच." त्यानं वही पुढं केली. "पोलाद वाढत नसते, भाऊ. झिजते."

मग कोणी न सांगता त्यानं सत्यभामेचा चाकू उचलला. वहीत महिन्याभरापूर्वीचं माप तेरा होतं. आता अकरा भरलं. या आठवड्यात तिनं त्याला एकदाही धार लावली नव्हती.

हिशेब तिघांनाही जमत होता. इकडचे दोन तिकडे गेले होते. येत्या रविवारी दोन्ही नऊ. त्यानंतर कोणता चाकू जुना आणि कोणता नवा, हे सांगता आलं नसतं. आणि चाकू तर साधी गोष्ट. पुढचा प्रश्न चाकू धरणाऱ्या हाताचा होता.

"हा मी ठेवतो," संघपाल अखेर म्हणाला. "कॉलेजच्या लॉकरमंदी. मंग हा तुमच्यापासून शंभर किलोमीटर दूर राहीन."

तिनं ठेवू दिला. परतीच्या एसटीत तिला जरा हलकं वाटलं, ते मंगळवारपर्यंत टिकलं. मंगळवारी संघपालचा फोन आला.

"काकू, पातं ओलं हाये. लॉकर वासानं भरलं. सातच्या वर गेलं माप. तुमचा मापून पाहा बरं."

"मापाले काय लागते? मले माहीत हाये," ती म्हणाली. सकाळी चहाची कपबशी तिच्या हातातून सुटून फुटली होती. आणि शेडमध्ये सहावा वाफा पुरा झाला होता.

५

गुरुवारी भरदुपारी बारा वाजता ती शेडमध्ये गेली. चोरासारखं अंधारात जायचं तिला कारण नव्हतं. नर्सरी तिची होती.

पहिल्या वाफ्याशी बसून तिनं आपला चाकू काढला, उजव्या हातानं उघडून डाव्यात घेतला आणि पहिली पट्टी कापली. आतला डोळा हिरवागार होता. असा सुबक डोळा तिनं तरुणपणीही क्वचित भरला असेल. तिनं तो टोकानं उचकटून मातीत टाकला. दुसरा टाकला. तिसरा टाकला. हात हलत होता, त्यामुळे कधी साल फाटत होती, कधी बोटाला लागत होतं. जंबेरीच्या खोडाला दुसरी बाजू असते, तिथं पुन्हा आपल्या हातानं भरता येतं. वाकडं भरलं तर वाकडं. दहातले चार जगले तर चार.

अर्धा वाफा झाला तेव्हा योगेश धावत आला.

"आई! काय करून राहिली? एकबी डोळा काळा पडून मेला नाही अन् तू उपटून राहिली? वर्षाचं काम हाये हे!"

"ज्याचं काम असन त्यानं यावं अन् मले सांगावं."

"तूच केलं न हे!"

"मी नाही केलं. मले जमत नाही आता असं. हे आयक नीट, पुन्हा नाही सांगणार. मले जमत नाही."

हे वाक्य तिनं दिवाळीपासून कोणापुढं उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर वाटलं होतं तितकं काही झालं नाही. योगेश तावातावानं बाहेर निघून गेला. बायकोला बोलवायला गेला असावा, किंवा डॉक्टरला फोन करायला.

ती पुन्हा कापायला लागली. आणि मग तिला पलीकडून आवाज आला. साल उकलल्याचा, अगदी बारीक. असा आवाज ओळखायला आयुष्य जावं लागतं. त्यामागून पट्टी ताणल्याचा. मग जरा थांबून पुन्हा साल.

सातव्या वाफ्यात रोपांचे शेंडे एकामागून एक हलत होते. वारा नव्हता. शेंडा हलायचा, स्थिर व्हायचा, शेजारचा हलायचा. काम तिच्याच दिशेनं सरकत होतं.

उठून पळावं असं पायांना फार वाटत होतं. ती बसून राहिली, कारण आज उठलं तर पुन्हा इथं बसायला मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं मान वाकवून रोपांच्या खोडांमधून पाहिलं.

मातीजवळ एक डावा हात होता. बाकीचं जाळीच्या सावलीत. म्हातारा हात, कातडी कागदासारखी, शिरा वर आलेल्या, नव्वदीच्या बाईचा असावा असा. अंगठ्यावर तिच्याच लहानपणच्या जखमेचा आडवा वण. त्या हातात तोच जुना चाकू होता, आणि तो हात जराही थरथरत नव्हता. किती सुंदर काम करत होता! तिला एका क्षणी हेवा वाटला, आणि त्या हेव्याची तिला भीती वाटली. एवढ्या वर्षांनंतर त्या हातात कामाशिवाय काहीच उरलेलं नव्हतं. तो कोणासाठी भरत होता, त्यालाही माहीत नसावं.

"हात चांगला हाये तुहा," ती मोठ्यानं म्हणाली. "पण हे वाफे माहे हायेत. तू भर. मी कापते. पाहू कोण थकते."

हात थांबला नाही. सत्यभामेनंही पुढची पट्टी कापली.

"आई!" शेडच्या दाराशी योगेश आला होता. उन्हातून आत आल्यामुळे त्याला नीट दिसत नसावं. तो डोळे बारीक करून बघत होता. "आई, रागानं बोललो. चाल, जेवून घे."

आणि तो चालू लागला. तिच्याकडं नाही. सातव्या वाफ्याकडं.

"योगेश!"

तो थबकला. त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग सातव्या वाफ्याकडं पाहिलं. पुन्हा तिच्याकडं. त्याला तिकडं काय दिसलं ते तिनं त्याला नंतरही कधी विचारलं नाही. दोघींच्या मधे, पाण्याच्या नळीवर पाय ठेवून, तिचा तीस वर्षांचा पोरगा लहान लेकरासारखा उभा होता, आणि कुठं जावं ते त्याला कळत नव्हतं.

पलीकडचा हात पहिल्यांदाच थांबला. तोही वाट बघत होता.

सत्यभामेनं चाकू मातीत खोवला आणि आपला डावा हात उंच धरला. बोटांतून रक्त आलेलं, माती चिकटलेली, आणि तो असा थरथरत होता की मनगटातल्या बांगड्या वाजत होत्या. इतके दिवस पदराखाली झाकलेला तो हात तिनं उन्हाच्या कवडशात धरला.

"हा पाह्य," ती म्हणाली. "हलते तो हात माहा हाये. तुही माय अथी हाये."

योगेशनं त्या हाताकडं किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग तो नळी ओलांडून आला, तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि त्यानं पट्टीचं एक टोक धरलं. त्याचेही हात कापत होते. पलीकडं साल उकलल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला तसा त्यानं दचकून मान वळवली.

"तिकडं पाहू नको," ती म्हणाली. "करू दे त्याले. आपल्याले अजून साडेपाच वाफे कापाचे हायेत."